मुदीर सालिमचा विमानतळ

गंगाराम धोंडू तांबे.

काका, आधी तुमचं नाव लिहितो. आईबापानंतर माझ्यावर कुणाचे उपकार असतील तर ते तुमचे. आईबापांनी मला शाळेत घातलं; तिथं शिकलेलं तोंडावाटे बाहेर काढायला तुम्ही शिकवलंत. तुमच्या नियमानं हे नाव अजून अर्धवट आहे, ते मला कळतं. माणसाचं, बापाचं आणि आज्याचं, अशी तीन नावं लागतात. आडनाव तुम्ही धरत नव्हतात. मस्कतला उतरलेल्या कितीतरी माणसांकडून तुम्ही ती तीन नावं मोठ्यानं वदवून घेतलीत. तुमचं तिसरं नाव मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते मला तुम्ही गेल्यावर कळलं. कसं, ते पुढे सांगतो.

मी घाबरलोय, काका. तुम्हाला जाऊन आठवडासुद्धा झालेला नाही आणि हे लिहिताना मी दाराला आतून कडी घातलीय. कुणीतरी येऊन विचारेल की आता तांब्यांचं काम कोण करणार, असं सारखं वाटतं. रडू यायला हवं तेवढं येत नाही. भीतीनं सगळी जागा अडवून ठेवलीय.

दळवीचा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो. तुमच्याच खोलीत इतकी वर्षं राहिलेला माणूस, पण त्याला वाक्य पुरं करता येईना. "मिलिंद, वादी अदाईक ये. काका गेले रे." वादी अदाईतल्या गॅरेजात एका गाडीचं वायरिंग बघता बघता तुम्ही खुर्चीत बसलात, पाणी मागितलंत, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तोवर तुम्हाला दवाखान्यात हलवलं होतं. तुमचा चष्मा त्या गाडीच्या बॉनेटवर तसाच होता. गाडीवाला बिचारा एका बाजूला उभा होता, गाडी न्यावी की नको हे त्याला समजत नव्हतं. दळवीनं तुमचा फोन माझ्या हातात दिला. "तूच ठेव ह्यो. माका कोणाशी बोलाक जमाचा नाय."

आणि तेवढ्यात तो वाजला. वर नाव होतं, "वंदनाचे वडील".

तुमचा फोन वाजत ठेवायची हिंमत झाली नाही. उचलला.

"तांबेसाहेब, जयभीम! खंडारे बोलतोय, जिंतूरहून. पोरीचं विमान परवा दुपारी पोचतंय बघा. तुम्ही आहात ना तिथं?"



"हॅलो? तांबेसाहेब?"

"मी मिलिंद. काकांचा माणूस. काका... कामात आहेत."

"बरं बरं. तिला नोकरी लागलेल्या दवाखान्याची गाडी संध्याकाळीच येणार म्हणतात. पोरगी परभणीच्या पुढं कधी गेलेली नाही ओ. तिच्या आईच्या घशाखाली घास उतरंना. तांबेसाहेब असले की घोर नाही."

"विमानतळावर कोणीतरी असेल. काळजी करू नका."

"कोणीतरी नका म्हणू. शब्द द्या."

"मी असेन," मी म्हणालो.

फोन ठेवला. तुम्ही जाऊन तासही झाला नव्हता आणि मी तुमच्या जागेवर उभं राहायचा शब्द देऊन बसलो होतो. शिवाय बापाला खरं सांगितलं नव्हतं. पोरीला विमानात बसवायच्या आधी ते त्याला कळलं असतं, तर त्यानं तिला बसवलंच नसतं.

मला आठवतंय तुम्ही मला कसं उतरवून घेतलंत ते. तेव्हा विमानतळ सीबच्या जुन्या इमारतीत होता. बाहेर पडायच्या दारासमोर सगळे ड्रायव्हर कागदावर नावं लिहून उभे असायचे. तुम्ही कधी कागद धरला नाही. हातात चहाचा थर्मास, डोक्यावर ती गॅरेजची टोपी. येणाऱ्याला आधीच निरोप गेलेला असायचा: बाहेर आलास की जागेवर उभा राहा आणि तीन नावं मोठ्यानं सांग. तुझं, बापाचं, आज्याचं. मग मी तुझ्यापाशी येतो.

मी वसमतच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला, बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा. घरात माझ्याआधी कुणी दहावी पाहिली नव्हती. परीक्षेत लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. तोंडी परीक्षेला मात्र येत असलेलं उत्तरही बाहेर पडायचं नाही. त्या दिवशी दाराबाहेर येऊन बॅगेचा पट्टा घट्ट धरून मी उभा राहिलो. लोक येत होते, मिठ्या मारत होते, निघून जात होते. मला वाटलं, तुम्ही आलेला नाहीत. मग वाटलं, तुम्ही नाहीतच मुळी, कुणीतरी थट्टा केलीय. शेवटी डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी डोळे मिटून ओरडलो, "मिलिंद किसन गणपत! बी.ई. इलेक्ट्रिकल, प्रथम श्रेणी!"

पोलीस वळून बघायला लागला. तुम्ही खांबामागून बाहेर आलात. "झेन!" म्हणालात. म्हणजे छान. आणि मग, "डिग्री कोणी विचारली होती रे?"

गाडीत बसल्यावर मला राग आला. "काका, तुम्ही मला आधीच पाहिलं होतं?"

"केव्हाच. पांढरा शर्ट, वर तेल चापून भांग."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मी हाक मारली असती तर तू नुसता ओ दिला असतास," तुम्ही म्हणालात आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतलात.

कंपनीच्या खोलीवर सोडायच्या आधी तुम्ही मला मस्कतच्या रुवी भागात नेलंत. मला वाटलं, जेवायला. तुम्ही बँकांच्या इमारतींमधल्या एका रस्त्याच्या कडेला गाडी लावलीत, बैत अल फलजच्या पांढऱ्या किल्ल्याकडे हात केलात आणि म्हणालात, "उतर. हा खरा विमानतळ. मुदीर सालिमचा."

ती गोष्ट पुढे मला पाठ झाली. तुम्ही आलात तेव्हा विमानतळ रुवीतच होता. आज जिथं मनी एक्स्चेंजची दुकानं आणि ऑफिसं आहेत त्या सपाटीवर धावपट्टी होती, आणि विमान डोंगरांमधून वळत उतरायचं तेव्हा आतली माणसं आपापल्या देवांची नावं घ्यायची. तुम्ही मुंबईच्या गॅरेजातून आलेले, मिसरूड न फुटलेले. शेडखाली टेबल टाकून दिशदाशातला, म्हणजे लांब पांढऱ्या झग्यातला, एक अधिकारी बसला होता. मुदीर म्हणजे तिथला मुख्य साहेब. त्यानं नाव विचारलं आणि तुमचा आवाज फुटेना. मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, मुका दिसतोय, परत पाठवा. मुदीर सालिमनं रांग थांबवली. तुम्हाला सावलीत बसवलं, कहवा दिला, खजूर दिले आणि स्वतः समोर बसून राहिला. काहीच बोलला नाही. तिकडं कुठल्या तरी विमानाचे पंखे फिरायला लागले, आणि त्या घरघरीवर तुम्ही ओरडून तीन नावं सांगितलीत. तो म्हणाला, "झेन."

"सरकारनं काय नाव ठेवलं होतं ते ठेवो," तुम्ही म्हणायचात. "आम्ही सगळे जुने लोक मुदीर सालिमचा विमानतळच म्हणायचो. घरी पत्रात पण तेच लिहायचो."

मग शुक्रवारचे ते धडे. सांगायला हसू येतं, तेव्हा मात्र मरण वाटायचं. साइटच्या मीटिंगमध्ये परदेशी सल्लागारानं विचारलं की ह्या सर्किटची चाचणी कुणी केली, आणि मी केली असूनही मी मान खाली घालून बसलो. संध्याकाळी तुम्ही फोनवर विचारलंत, "काय बोललास मग?" "काही नाही." शुक्रवारी तुम्ही मला त्याच रस्त्यावर नेलंत. पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलात आणि मध्ये टॅक्स्या धावत असताना ओरडलात, "चाचणी कुणी केली?"

"मी!"

"ऐकू येत नाय!"

"मी केली! सगळं बरोबर आलं!"

"कोण तू?"

"मिलिंद किसन गणपत!"

बँकेचा पहारेकरी, मल्याळी होता, तो काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं भांडण लागलं. तुम्ही त्याला म्हणालात, "काही नाही भाई, पोरगा मीटिंगची तयारी करतोय." तो तुमच्याकडे बघतच राहिला. पुढच्या मीटिंगमध्ये मी बोललो. आवाज चिरका होता, घाम आला होता, पण बोललो. त्यानंतर मला नव्या विमानतळाच्या धावपट्टीच्या दिव्यांचं काम मिळालं. माझ्या घरात कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं, आणि मी त्याला वाट दाखवणारे दिवे लावत होतो. तुम्हाला त्याचं इतकं कौतुक की गॅरेजात गाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगायचात, "नव्या एअरपोर्टवर रात्री उतराल ना, खाली बघा. आमच्या पोराचं काम आहे." लोक म्हणायचे, बरं, पण आमच्या हॉर्नचं काय झालं?

ह्याबद्दल मी तुमचे आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलायचात. एकदा मी मिठाईचा डबा घेऊन आलो आणि भाषण पाठ करून आलो होतो. तुम्ही डबा दळवीच्या हातात दिलात आणि मला म्हणालात, "बस, बल्ब धर." मग मी बल्ब धरून बसलो. भाषण तसंच पोटात राहिलं. अजून आहे.

नवी इमारत उघडली तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा दाखवायला नेलं. मला वाटलं, खूश व्हाल. तुम्ही त्या उंच छताखाली उभे राहिलात, टोपी काढलीत आणि वर बघत बसलात. "केवढं हे," म्हणालात. मग हळूच, "इथं हाक मारली तर पोचायची नाही रे. आवाज वरच जाऊन बसेल." त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा म्हातारे दिसलात. पार्किंगमध्ये गाडी सापडेना, तर तुम्ही माझी बाही धरलीत.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणायचात, एवढी मोठी इमारत बांधली, तर एखाद्या कोपऱ्याला तरी मुदीर सालिमचं नाव द्यायचं. मी म्हणायचो, काका, तो एक साधा अधिकारी. नावं राजांची देतात, नाहीतर शहराची. तुम्ही म्हणायचात, राजाला कोण घाबरून येतं? टेबलावरच्या माणसाला घाबरून येतात. शेवटच्या भेटीत, रुवीतल्या आपल्या नेहमीच्या चहाच्या दुकानात, मी जरा चढूनच विचारलं, "काका, मुदीर सालिम खरंच होता का हो? गोष्ट दर वेळी बदलते. कधी खजूर असतो, कधी हलवा."

तुम्ही कप खाली ठेवलात. "इंजिनियर, तू लावलेल्या दिव्यांवर विमान उतरतं. पायलट विचारतो का, दिवे लावणारा खरा होता का म्हणून?"

"हे उत्तर नाही, काका."

"मग उत्तर पुढच्या शुक्रवारी. इन्शाल्ला." आणि माझ्या बशीतली उरलेली खारी बिस्किटं तुम्ही खाऊन टाकलीत.

गुरुवारी तुम्ही गेलात.

तुमचे अर्बाब, म्हणजे गॅरेजचे ओमानी मालक, दवाखान्यात आले होते. लहान मुलासारखे रडत होते. मी त्यांनाच विचारलं, मुदीर सालिम कोण होता? ते म्हणाले, "सालिम? त्या काळी हाक मारली तर दहा सालिम वळायचे." मग डोळे पुसत म्हणाले, "एक होता खरा विमानतळावर. आम्ही पोरं विमानं बघायला जायचो, तर तो छडी घेऊन मागं लागायचा. तोच का, अल्लाला माहीत."

कागदपत्रांचं सगळं अर्बाबच्या माणसानं केलं. तुम्हाला पाठवायचं विमान ठरलं, आणि ते निघालं शनिवार सकाळचं. वंदनाचं विमान त्याच दुपारचं. काकूंनी गावाहून फोनवर मला सांगितलं होतं, "तुम्ही घेऊन या त्यांना. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, मिलिंद आणतोय." मी हो म्हटलं होतं. दोन ठिकाणी शब्द दिला होता, आणि दोन्ही ठिकाणी मला जायची भीती वाटत होती. खरं सांगू? तुमच्या पेटीसोबत जायला कमी भीती वाटत होती. तिथं मला काही बोलायचं नव्हतं. सगळे मला धरून रडले असते. इकडं मात्र त्या उंच छताखाली थर्मास घेऊन उभं राहायचं होतं, आणि एका अनोळखी मुलीला सांगायचं होतं की ज्यांच्या भरवशावर तू आलीस ते नाहीत, मी आहे.

दळवीनं माझं तोंड ओळखलं. "मी जातंय त्यांच्यावांगडा. माझी रजा हाच. तू रव."

"काकूंना कोण सांगणार?"

"ता तू सांग. माका काकूंचा भय वाटता."

मलाही वाटत होतं. तरी फोन लावला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

"कोणाची पोर?"

"जिंतूरकडची. ओळखीची नाही."

"ओळखीची नाही," काकू म्हणाल्या. "थोरल्याच्या वेळी मी बाळंत झाले तेव्हा पण हेच. रजा मिळालेली, तिकीट काढलेलं, आणि ह्यांचं पत्र आलं, गुहागरकडची माणसं उतरायची आहेत, त्यांना उतरवून निघतो. थोरला रांगायला लागल्यावर आले. आता मेल्यावर तरी पुढं कोणी आडवं येणार नाही म्हटलं, तर तुम्ही उभे राहिलात."

"काका वेळेवर येतील, काकू. दळवी आणतोय."

"दळवी रडका आहे."

"मी पण रडेन."

"तुम्ही रडके नाही. तुम्ही भित्रे. ह्यांनी सांगितलंय मला." त्यांचा आवाज फुटला आणि पुन्हा सावरला. "ती पोर तिथं एकटी बसेल का?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग थांबा. आणि ऐका. तिकडं नाव विचारतील, तर नीट पुरं सांगा. गंगाराम धोंडू सोनू. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव सोनू. गावात त्यांना नावानं कधी कोणी हाक मारली नाही. ए, अरे, इकडं ये, दूर हो, एवढंच. ह्यांनी मला लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं, मस्कतच्या विमानतळावर एका साहेबानं विचारलं आणि माझ्या आज्याचं नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. साहेब ते लिहून घेताना उठून उभा राहिला म्हणे."

मुदीर सालिम खरा होता का, हा आपला वाद तिथंच मिटला असता, काका, पण तो मिटवायला तुम्ही नव्हतात.

शनिवारी सकाळी कार्गोच्या दाराशी मी आणि दळवी तुमच्याबरोबर होतो. कुणी नाव विचारलं नाही. कागदावर सगळं होतं, शिक्का पडला, ट्रॉली निघाली. मला वाटलं, आता हे असंच संपणार, कागदावर, एक शब्द न बोलता. तेवढ्यात धावपट्टीवरून एक विमान उठलं आणि त्याच्या आवाजात माझ्या तोंडून निघालं, "गंगाराम धोंडू सोनू!" आवाज चिरकला. दळवी दचकला. ट्रॉली ढकलणारा माणूस थांबला. टेबलावरचा अधिकारी, माझ्याहून लहान असेल, उठून उभा राहिला आणि पुटपुटला, "अल्लाह यरहमा." म्हणजे अल्ला तुमच्यावर दया करो. त्यानं काही विचारलं नाही. दळवीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास रे. बरा झाला." मग तो आत गेला, तुमच्याबरोबर.

मी तिथून थर्मास भरून घेऊन दुपारी आगमनाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तुमची टोपी घालायचा धीर झाला नाही, खिशात ठेवली. विमान उतरल्याची पाटी लागली. माणसं यायला लागली. आणि तेव्हा मला आठवलं: मी तिच्या बापाला तीन नावांचं सांगितलंच नव्हतं. तुम्ही असतात तर आधीच निरोप गेला असता. तिला काही माहीत नव्हतं. तिचा फोटोही माझ्याकडे नव्हता. त्या फोनमध्ये फक्त "वंदनाचे वडील" होते, आणि ते उचलत नव्हते.

किती मुली येऊन गेल्या. प्रत्येकीकडे मी बघत होतो आणि कुणी वळून बघितलं की मी नजर खाली घालत होतो. एकट्या पुरुषानं असं बायकांकडे बघत उभं राहणं बरं नव्हे. एक पोलीस माझ्याकडे लक्ष ठेवून होता, मला दिसत होतं. दारातून येणारी माणसं तुरळक झाली. एखादी घाबरलेली मुलगी आता बाहेर येऊन कुठल्या तरी खांबाशी बॅगेवर बसली असेल, पट्टा घट्ट धरून. कदाचित माझ्या पाठीमागेच. मला वाटलं, निघून जावं. कुणाला कळणार होतं? संध्याकाळी तिची गाडी आलीच असती.

मग मी खिशातून टोपी काढली, घातली आणि ओरडलो.

"मिलिंद किसन गणपत!"

ते छत फार उंच आहे, काका. आवाज वर गेला. सगळी माणसं वळली. पोलीस माझ्या दिशेनं निघाला. मी पुन्हा ओरडलो, "मिलिंद किसन गणपत! वसमत! तांबेकाकांचा माणूस!"

पोलीस येऊन समोर उभा राहिला. "काय झालं?" मी त्याला सांगायला तोंड उघडलं आणि पलीकडच्या खांबाकडून आवाज आला. बारीक, घाबरलेला, आणि माझ्यापेक्षा मोठा.

"वंदना उत्तम खंडारे! जिंतूर!"

दोनच नावं झाली होती. मी तिच्याकडे गेलो. पिवळा पंजाबी ड्रेस, हातात नर्सिंगच्या सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरलेली. "आज्याचं?" मी विचारलं.

"तुकाराम," ती म्हणाली. आणि मग माझ्या मागं बघत, "तांबेसाहेब कुठं आहेत?"

"झेन," मी म्हणालो. "आधी चहा घे." आणि झाकणात चहा ओतताना सगळं सांगितलं. ती रडली. ती रडायला लागल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं. पोलीस थोडा वेळ उभा राहिला आणि एक खुर्ची ओढून देऊन निघून गेला. मग मी तिला रुवीत नेलं, त्या रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि सांगितलं, हा खरा विमानतळ. मुदीर सालिमचा. तिनं टॅक्स्या, बँका, लोक असं सगळं बघितलं आणि विचारलं, "कुठाय?"

मला नीट सांगता आलं नाही, काका. पुढच्या शुक्रवारी सांगतो म्हटलं.

पुढच्या महिन्यात परभणीकडून आणखी तिघं येणार आहेत. त्यांचेही फोन तुमच्याच नंबरवर येतात. फोन वाजला की अजून भीती वाटते. पण उचलतो.

माझ्याकडे एक कागद राहिलाय. इथं येण्याआधी मी तुम्हाला एकच पत्र लिहिलं होतं, कारण तुम्हाला फोन लावला होता आणि माझा आवाजच निघाला नव्हता, तर तुम्ही म्हणालात, बरं, लिहून पाठव. मस्कतला निघालेल्या दळवीच्या गावच्या एका माणसाबरोबर मी ते पाठवलं. शाळेची सवय, आधी कच्चं लिहिलं होतं. पक्कं तुम्हाला मिळालं. कच्चं हे:

आदरणीय तांबेकाका यांस,
सविनय जयभीम.

पत्रास कारण की, मी येत्या आठवड्यात मस्कत येथे येत आहे. आपण माझे काम लावून दिलेत, याबद्दल मी व माझे आईवडील आपले जन्मभर आभारी राहू. आईने आपल्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिली आहे. ती विमानात चालते किंवा कसे, हे कळवावे.

मी याआधी विमानात बसलेलो नाही. मुंबईसही एकदाच गेलो आहे. मला खूप भीती वाटते. ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही, कारण वडिलांनी बाजार समितीत सर्वांना पेढे वाटले आहेत. आपणास सांगत आहे, कारण आपण मला अजून पाहिलेले नाही.

मी पांढरा शर्ट घालीन. उंची मध्यम, रंग सावळा, उजव्या हातात काळी बॅग. आपण विमानतळावर नक्की थांबाल ना?

आपला नम्र,
मिलिंद किसन वाठोरे
(बी.ई. इलेक्ट्रिकल, प्रथम श्रेणी)

ता.क. आपण नावाची पाटी घेऊन येत नाही असे कळले. तरी एक विनंती आहे. पहिली हाक आपण मारावी. मग मी ओ देईन.